काळी, पांढरी आणि खालचा कातळ

गेल्या महिन्याच्या टपालांत आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्यांचें सासर शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं, इनामगांवापासून दोन कोसांवर आहे. चार पिढ्यांचा दगडी वाडा, दोन हात रुंदीच्या भिंती आणि वर माळवद. यंदाच्या पावसाळ्यांत माजघराच्या उत्तरेकडील भिंतीला पोट सुटलें. दिवाळीसाठीं पुण्याहून आलेल्या धाकट्या भावोजींनीं तें पाहिलें आणि सगळा वाडा उतरवून नवें घर बांधावें असा आग्रह धरला. बोलतां बोलतां किल्लारीचें नांवही त्यांनीं काढलें. त्यावर मामंजी शांतपणें म्हणाले, "आपल्या पायाखालीं काळा कातळ आहे. भूकंप व्हावयाचे ते हिमालयाकडे. ही भूमि चार पिढ्यांत हलली नाहीं आणि पुढेंही हलावयाची नाहीं." भगिनी लिहितात, "मामंजींच्या शब्दापुढें आम्ही कोणी बोलत नाहीं. परंतु सुटींत पांच नातवंडें त्याच भिंतीशीं अंथरुणें घालून निजतात. मामंजींचें म्हणणें शास्त्राला धरून आहे कीं नाहीं, एवढें आपण सांगावें."

प्रश्न एका घराचा असला तरी असे वाडे आमच्या अनेक वाचकांच्या मूळ गांवीं आहेत, आणि असे मामंजीही अनेक घरीं आहेत. म्हणून या महिन्याचें सदर त्या एकाच प्रश्नाला द्यावें असें आम्हीं ठरविलें.

मामंजींचें म्हणणें अडाणीपणाचें आहे असें मात्र कोणी समजूं नये. अमरकोशांत पृथ्वीचीं जीं नांवें आपल्या वाडवडिलांनीं घोकलीं त्यांत 'अचला' आहे आणि 'स्थिरा' ही आहे. सकाळीं भूमीवर पाऊल टाकण्यापूर्वीं तिची क्षमा मागण्याची रीत घरोघर होती. ज्या भूमीचा एवढा भरंवसा, तीच पायाखालून सरेल हें मनांत तरी कसें यावें? आणि केवळ वडील माणसेंच असें मानीत होतीं असें नाहीं. दक्षिणेचें पठार फार प्राचीन व म्हणून स्थिर, हें मत १९६७ सालापर्यंत मोठमोठे भूशास्त्रज्ञही उघडपणें मांडीत होते. तेव्हां या मताला दोष देण्यापूर्वीं पायाखालीं खरोखर काय आहे तें एकदां नीट पाहूं.

पत्र आल्यावर आम्ही इनामगांवास जाऊन आलों. घोड नदी भीमाशंकराच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावून पूर्वेकडे वाहत येते आणि पुढें भीमेला मिळते. तिच्या उजव्या तीरावर गांवाजवळ जुन्या वस्तीचीं टेकाडें आहेत. १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें येथें उत्खनन केलें. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. ढवळीकर या विद्वानांचीं नांवें या कामाशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊशें वर्षें, येथें शेतकऱ्यांची एक वस्ती नांदत होती, असें त्या उत्खननानें दाखविलें.

आपल्याकडे गांवच्या जमिनीचे दोन भाग सांगण्याची जुनी चाल आहे: काळी आणि पांढरी. काळी पिकवावयाची, पांढरी वसावयाची. राख, शेण, चुना आणि पडक्या भिंतींची माती शतकानुशतकें सांचून वस्तीची जागा पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी. इनामगांवचें टेकाड म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वींची पांढरीच होय. परंतु काळी काय आणि पांढरी काय, दोन्ही केवळ वरचें आंथरूण आहे. आमच्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर या दोहोंच्या खालीं आहे.

खालचें पाहावयास सर्वांत सोपें ठिकाण म्हणजे विहीर. नदीपासून थोडी दूर खणलेली विहीर वांकून पाहिली तर कांठाशीं काळी माती दिसते, तिच्याखालीं मुरूम, मग भोंकाभोंकांचा मऊसर खडक, ज्याला विहीर खणणारे लोक मांजऱ्या म्हणतात, आणि त्याखालीं सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा कातळ. कांहीं ठिकाणीं दोन कातळांच्या मध्यें विटकरी रंगाचा पट्टाही आढळतो. माती, मुरूम आणि कातळ हीं तीन निरनिराळीं द्रव्यें नव्हेत. एकच खडक ऊन-पावसानें कुजत कुजत मुरूम झाला आणि मुरुमाची माती झाली. नदीच्या अगदीं कांठीं मात्र या सर्वांवर पुरानें आणलेल्या गाळाचा जाड थर असतो.

या काळ्या कातळाचें शास्त्रीय नांव बेसॉल्ट. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं येथील भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वर आला. तो डोंगराच्या तोंडांतून उसळला असें नव्हे; पुराच्या पाण्यासारखा पसरला आणि थिजला. कांहीं काळानें त्यावर दुसरा लोट आला, मग तिसरा. दोन लोटांमध्यें जेथें बराच अवकाश गेला तेथें खालच्या लोटाचा पृष्ठभाग कुजून तांबडा झाला; विहिरींतला विटकरी पट्टा तो हाच. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात त्या या लोटांच्याच. पायरीला स्वीडिश भाषेंत जो शब्द आहे त्यावरून या खडकांस 'ट्रॅप' म्हणूं लागले. आजही सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकानें झांकलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांतच येतो.

मामंजींचा काळा कातळ तो हाच, आणि तो आहे हें अगदीं खरें. पण त्याची जाडी किती? येथेंच पहिला घोटाळा होतो. विहीर पन्नास-साठ फूट जाते आणि कातळ संपत नाहीं, म्हणून तो पाताळापर्यंत गेला आहे असें आपण समजतों. वस्तुस्थिति तशी नाहीं. कोयना खोऱ्यांत भूकंपाच्या अभ्यासासाठीं केंद्र सरकारनें खोल छिद्रें घेतलीं. त्यांतलें एक २०१७ सालीं सुमारें ३ किलोमीटर खोल गेलें. सुमारें सव्वा किलोमीटरवर काळा कातळ संपला आणि त्याखालीं निराळाच, फिकट रंगाचा, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. किल्लारी येथें तर बेसॉल्टचा थर अवघा ३३८ मीटर निघाला. त्याखालीं थोडा गाळाचा थर आणि मग पुनः तोच ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. या खालच्या खडकाचें वय शेंकडों कोटी वर्षांचें आहे. त्याच्यापुढें आपला काळा कातळ म्हणजे जुन्या भिंतीला काल दिलेला गिलावा होय.

याहून खालीं छिद्र घेऊन पाहणें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. रशियांत कोला द्वीपकल्पावर घेतलेलें जगांतलें सर्वांत खोल छिद्र १९८९ सालीं १२ किलोमीटरांवर थोडें जाऊन थांबलें. मग त्याखालची माहिती मिळते कशी? ती भूकंपच देतो. ८ ऑक्टोबर १९०९ रोजीं झाग्रेब शहराजवळ भूकंप झाला. तेथील शास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांनीं निरनिराळ्या गांवच्या वेधशाळांतील नोंदी पुढें घेतल्या, तेव्हां त्यांना एक चमत्कार दिसला. एकाच धक्क्याच्या लहरी दोन वेळां पोहोंचल्या होत्या आणि लांबच्या ठिकाणीं तर खोलवरून गेलेली लहर सरळ गेलेल्या लहरीच्या आधीं आली होती. आपण जवळच्या गांवीं निघालों तर गाडीवाटच बरी. परंतु लांब जावयाचें असेल तर थोडा फेर घेऊन हमरस्त्याला लागणारा मनुष्य आधीं पोहोंचतो. त्याअर्थीं खालीं कोठें तरी लहरींचा हमरस्ता असला पाहिजे, म्हणजे तेथें खडक बदलून अधिक घट्ट झाला असला पाहिजे, असें त्यांनीं ओळखलें. ही सीमा भूखंडांखालीं साधारण ३५ ते ४० किलोमीटरांवर असते. कोयनेच्या परिसरांत मुद्दाम सुरुंग उडवून लहरी मोजल्या तेव्हांही तिची खोली जवळपास तेवढीच आली. महासागरांच्या तळाखालीं मात्र ती अवघी सात-आठ किलोमीटरांवर आहे.

या सीमेच्या वरचा भाग म्हणजे भूकवच. भूखंडांचें कवच मुख्यतः ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांचें आहे. तें पाण्याच्या सुमारें २.७ पट जड. महासागराचें कवच बेसॉल्टचें, तें सुमारें २.९ पट. सीमेच्या खालच्या भागास प्रावरण म्हणतात. तेथील खडक लोह आणि मॅग्नेशियम यांनीं अधिक भरलेला, हिरवट आणि पाण्याच्या ३.३ पट जड असतो. जड तें खालीं आणि हलकें तें वर, अशी ही रचना आहे.

परंतु आपल्या प्रश्नापुरता दगडाच्या जातीपेक्षां त्याच्या ताठपणाचा भेद महत्त्वाचा आहे. प्रावरणाचा वरचा भागही कवचासारखाच थंड आणि ताठ आहे. कवच आणि हा भाग मिळून जें एकसंध कठीण आवरण होतें त्याला शिलावरण म्हणतात. त्याची जाडी ठिकाणपरत्वें कमी-अधिक असली तरी साधारण १०० किलोमीटर धरण्यास हरकत नाहीं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर; म्हणजे पृथ्वी हापूस आंब्याएवढी कल्पिली तर शिलावरण त्याच्या सालीएवढें भरेल.

सालीखालीं शिलारसाचा समुद्र खदखदत आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. तेथें खडकच आहे, पण सुमारें १,३०० अंश उष्णतेनें मऊ झालेला. याचें उदाहरण आमच्या भगिनींच्या कोठीघरांतच मिळेल. पौषांत गुळाची ढेप फोडावयाची तर बत्ता लागतो; घाव बसला कीं टवका उडतो. तीच ढेप वैशाखांत आपल्याच भारानें बसते आणि कडेला हळूहळू पसरते. ती पातळ झालेली नसते, हातांत उचलतां येते. तरी ती वाहते. वरचें शिलावरण म्हणजे पौषांतला गूळ, त्याखालचा थर म्हणजे वैशाखांतला. आणि येथेंच लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे कीं, मऊ गूळ तडकत नाहीं. तडकतो तो कठीण गूळ. भूकंप खालच्या मऊ थरांत होत नाहींत, वरच्या कठीण आवरणांत होतात. ज्या कठीणपणाचा आपण आधार धरतों तोच भूकंपाचें कारण आहे.

या कवचांत कोणकोणतीं द्रव्यें आहेत हेंही थोडक्यांत सांगतों. त्याचें वजन १०० धरलें तर ४६ भाग प्राणवायु, २८ भाग सिलिकॉन, ८ भाग ॲल्युमिनियम, ५ भाग लोह, आणि उरलेल्यांत मुख्यतः कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतला पाटा-वरवंटा जवळजवळ अर्धा प्राणवायूचाच घडलेला आहे. तो वायु सिलिकॉनशीं घट्ट बांधला गेल्यामुळें दगड झाला आहे, एवढेंच. इनामगांवच्या लोकांना हीं नांवें माहीत नव्हतीं, परंतु त्या द्रव्यांशीं त्यांची पुरी ओळख होती. बेसॉल्टच्या पोकळ्यांत याच सिलिकॉन व प्राणवायूचे गारगोटीसारखे चिकण खडे जमतात. ते फोडून त्यांनीं धारदार पातीं काढलीं आणि त्यांवर आपलें कापण्या-सोलण्याचें काम चालविलें. काढण्याजोगें तांबें या कातळांत नाहीं. तें दुरून आणावें लागे, म्हणून तांब्याच्या वस्तू त्यांच्याकडे थोड्याच सांपडल्या. पायाखालचा थर माणसाच्या संसाराला असें वळण देतो.

आतां मामंजींच्या दुसऱ्या म्हणण्याकडे वळूं. भूकंप हिमालयाकडे अधिक होतात हें खरें, पण कां होतात? शिलावरण अखंड नाहीं. त्याचे मोठमोठे तुकडे झाले आहेत आणि ते खालच्या मऊ थरावरून सरकत असतात. आपला तुकडा ईशान्येकडे वर्षाला सुमारें ५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपलीं नखें वाढतात त्या वेगानें, जात आहे. सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीं तो आशियाच्या भूमीला भिडला आणि त्या रेट्यानें हिमालय उभा राहिला. पूर्वेकडे हिंदी महासागराचा तळ सुमात्रा बेटाखालीं शिरतो, आणि त्यामुळें तेथें ज्वालामुखी पेटतात. त्यांतल्या टोबा या ज्वालामुखीची राख घोडेला मिळणाऱ्या कुकडी नदीच्या कांठीं, जुन्नर तालुक्यांतील बोरी येथें सांपडली आहे. ती त्याच्या कोणत्या उद्रेकाची याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत; पण एवढ्या दूरच्या भूमीच्या घडामोडीचा पुरावा आपल्याच तालुक्यांच्या मातींत पडलेला आहे. इनामगांवीं पहिलें घर उभें राहिलें तेव्हांपासून आजवर सुमारें ३,६०० वर्षें झालीं. वर्षाला ५ सेंटिमीटर या हिशेबानें तें गांव आपल्या नदीसह, काळी-पांढरीसह, सुमारें १८० मीटर ईशान्येकडे सरकलें आहे. अचला असें चालते.

टोकाशीं असा रेटा बसला कीं तो सगळ्या तुकड्यांत पोहोंचतो. दाराची कडी घट्ट झाल्यावर आपण दार जोरानें रेटतों तेव्हां करकर केवळ कडीपाशीं होत नाहीं, फळीच्या जुन्या चिरेंतही होते. दक्षिणेच्या पठाराखालच्या त्या प्राचीन ग्रॅनाइटांत अशा जुन्या चिरा पुष्कळ आहेत. त्या वरून दिसत नाहींत, कारण त्यांवर काळ्या कातळाचा गिलावा आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे साडेचारच्या आधीं कोयनेला अशी एक चीर सरकली. सुमारें दोनशें माणसें गेलीं. तेथें धरणाच्या जलाशयाचें पाणी चिरांत मुरल्यामुळें निमित्त झालें असें शास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे धरण नाहीं असें म्हणून ज्यांनीं समाधान करून घेतलें, त्यांना ३० सप्टेंबर १९९३ नें उत्तर दिलें. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारी-सास्तूरच्या बाजूस, ६.२ प्रतीचा धक्का बसला आणि आठ ते दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. भूकंपाच्या सरकारी नकाशांत हा प्रदेश तेव्हां सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यांत होता. पुढें २००२ सालीं तो पहिला पट्टाच नकाशांतून काढून टाकण्यांत आला. हिंदुस्थानांत निर्धास्त अशी जागा नाहीं, हेंच त्याचें तात्पर्य.

मामंजींचें तिसरें म्हणणें चार पिढ्यांच्या अनुभवाचें. चार पिढ्या म्हणजे शंभर-सव्वाशें वर्षें. पठारावरच्या एखाद्या चिरेला पुरेसा ताण सांठवावयास हजारों वर्षें लागूं शकतात. तेव्हां शंभर वर्षें कांहीं झालें नाहीं यावरून पुढें होणार नाहीं असें निघत नाहीं, आणि उद्यां होईल असेंही निघत नाहीं. भूकंपाचा दिवस सांगण्याची विद्या आज कोणाजवळ नाहीं. जो कोणी तारीख सांगेल त्यावर विश्वास ठेवूं नये. आम्हांला कोणाच्या मनांत भय घालावयाचें नाहीं. भूमीविषयीं आपल्या हातीं कांहीं नाहीं. भिंतीविषयीं मात्र पुष्कळ आहे.

कारण किल्लारीचा धक्का जगाच्या मानानें मोठा नव्हता. एवढ्या धक्क्यांत इतरत्र इतकीं माणसें मरत नाहींत. तेथें माणसें मारलीं तीं भिंतींनीं. दोन-अडीच हात रुंद भिंती, पण आंत पाहिलें तर दोन पातळ दगडी पापुद्रे, मध्यें खडी-माती, आणि चिखलाचा सांधा. वर माळवदावर दरवर्षीं नवी माती घालून वाढविलेला भार. जमीन हलली तेव्हां दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटले, बाहेरचा बाहेर पडला, आंतला निजलेल्या माणसांवर, आणि त्यावर माळवद. जाडी होती, पण बांधणी नव्हती. आमच्या भगिनींच्या माजघराच्या भिंतीला जें पोट सुटलें आहे त्याचा अर्थही हाच कीं, पावसाचें पाणी आंत जाऊन बाहेरचा पापुद्रा आंतल्यापासून सुटूं लागला आहे. त्याला भूकंपाचीही वाट पाहावी लागणार नाहीं. आणखी एका जोराच्या पावसाळ्यांत ती भिंत बसेल.

इनामगांवच्या टेकाडावर उभें राहिल्यावर आमच्या मनांत हीच तुलना आली. तेथें सव्वाशेंहून अधिक घरांचे अवशेष मिळाले आहेत. आरंभींचीं घरें मोठीं चौकोनी, शेवटच्या काळांतलीं लहान गोल. डॉ. ढवळीकरांच्या मतें पुढें पाऊस कमी होत गेला आणि दैन्य आलें, त्याची ही खूण. पण चौकोनी असो कीं गोल, घराची रीत साधारण एकच: लांकडाचे खांब, वर गवताचें छप्पर, खालीं बुटकी मातीची भिंत आणि तिच्यावर कूड. हीं घरें त्या लोकांनीं भूकंपाचा विचार करून बांधलीं असें आमचें म्हणणें नाहीं. जवळ जें होतें त्याचीं बांधलीं. तीं दरवर्षीं शाकारावीं-लिंपावीं लागत, आगीला भीत, आणि आज तशीं बांधा असें आम्ही कोणाला सांगणार नाहीं. परंतु कुडाची भिंत अंगावर पडली तरी तिच्याखालून मूल जिवंत निघतें. त्या घरांच्या जमिनीखालीं दोन मडक्यांचीं तोंडें एकमेकांस लावून त्यांत पुरलेलीं लहान मुलें सांपडलीं. आपलें गेलेलें मूल घराबाहेर ठेववेना अशी ती माया. त्या काळीं मुलें कशानें जात तें टाळणें त्या मातांच्या हातीं नव्हतें. आपल्या हातीं पुष्कळ आहे, म्हणून आपली जबाबदारीही अधिक आहे.

तेव्हां आमचें उत्तर असें. मामंजींचा वाडा पाडण्याचें कारण नाहीं. तो बांधून घेण्याचें कारण मात्र आहे.

पहिली गोष्ट आजच करावी: त्या भिंतीशीं कोणाचें अंथरूण घालूं नये, भिंतीला टेकू द्यावेत आणि माळवदाची गळती बंद करावी. दुसरी, जुन्या दगडी बांधकामाची माहिती असलेला स्थापत्यशास्त्रज्ञ बोलावून पोट सुटलेला भाग उतरवून पुनः रचून घ्यावा. रचतांना थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावेत, म्हणजे दोन्ही पापुद्रे एकमेकांस धरून राहतील. ज्या भिंती चांगल्या आहेत त्यांतही आरपार भोंकें पाडून, आंत लोखंडी सळई घालून, तीं काँक्रीटनें भरतां येतात. तिसरी, माळवदावरची वर्षानुवर्षांची जास्तीची माती काढून भार हलका करावा आणि पाणी अडविण्याचा दुसरा उपाय योजावा. चौथी, दारांच्या वरच्या अंगास सगळ्या भिंतींना गुंडाळणारी सलोह काँक्रीटची सलग पट्टी द्यावी आणि चारी कोपरे विशेष घट्ट करावेत. पेटीला पत्र्याच्या पट्ट्या मारतात त्यांतला हा प्रकार आहे. पांचवी, खांब व तुळया यांच्या सांध्यांस तिरकस आधार द्यावेत. यांतली एकही गोष्ट वाड्याचें रूप बिघडवीत नाहीं, आणि सगळ्या मिळून नव्या घरापेक्षां खर्चही पुष्कळ कमी येतो. देवघर आहे तेथेंच राहील, तुळशीवृंदावन आहे तेथेंच राहील.

हें मामंजींना सांगावें कसें, हा आमच्या भगिनींचा खरा प्रश्न असावा. आम्हांला वाटतें, मामंजींचें चुकलें असें सांगूं नये. तसें तें पुरतें चुकलेलें नाहीं. पायाखालीं कातळ आहे, एवढें त्यांचें खरें आहे. त्या कातळाखालीं काय आहे तें त्यांना वाचून दाखवावें, आणि मग त्यांनाच विचारावें कीं, ज्या वाडवडिलांनीं हा वाडा उभारला त्यांना हें कळलें असतें तर त्यांनीं भिंत अशीच ठेवली असती काय? ऐंशीच्या पुढचा मनुष्य नातवंडांपुढें दगडाचा हट्ट धरील असें आम्हांला वाटत नाहीं.

अमरकोशानें पृथ्वीला अचला म्हटलें आहे तसेंच सर्वंसहाही म्हटलें आहे. ती पुष्कळ सोसते, पण सगळें सोसत नाहीं. ताण असह्य झाला कीं तिचेंही कवच तडकतें. तिच्या अंगावर आपण जें उभारतों तें निदान तेवढ्या वेळेपुरतें एकमेकांस धरून राहील असें करणें, हें गृहस्थाचें काम आहे. भिंत बांधून झाल्यावर भगिनींनीं एक ओळ अवश्य लिहावी. आणि मामंजींनीं स्वतः लिहिली, तर ती आम्ही याच सदरांत आनंदानें छापूं.